संकटकाल आणि ख्रिस्ती श्रद्धा

विद्यार्थ्यांनो, संकट कोणास चुकले आहे? पाऊस दगा देतो, घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळतो, वर्षभर कष्ट करूनही परीक्षेत अपयश पदरी येते. अशा वेळी, ‘आम्ही प्रार्थना केली, तरी असे का झाले?’ हा प्रश्न तुमच्यापैकी कित्येक आम्हां शिक्षकांस विचारतात. श्रद्धा म्हणजे संकट टाळणारा ताईत, अशी समजूत या प्रश्नाच्या मुळाशी असते. शुभवर्तमान तसे शिकवीत नाही. गालील समुद्रावर प्रभू येशूने वादळ शांत केले, हे आपणांस आठवते; परंतु तो स्वतः तारवात असतानाच ते वादळ उठले होते, हे आपण विसरतो.

मग श्रद्धेचा उपयोग तो कोणता? याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. तरुण वयातच दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई व थोरली बहीण ही थोड्याच महिन्यांच्या अंतराने निवर्तली. पुढे १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. १८८३ साली इंग्लंडात असता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या दीक्षेने गेलेली माणसे परत आली नाहीत. पण पुढची वाट दिसू लागली.

१८९६ साली मध्यप्रांतात घोर दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांस घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान मांडले. इतक्या मुलींस शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथील आपल्या शेतावर त्यांनी मुलींची सोय केली. तेच पुढे मुक्तिसदन झाले. तेथे प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग चालले, छापखाना उभा राहिला. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडील शेकडो अनाथ मुलींसही या घराचे दार उघडे झाले.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. एकुलत्या एका लेकीच्या मागे आईने काय करावे? रमाबाईंनी हाती घेतलेले बायबलाचे मराठी भाषांतर सोडले नाही. सामान्य स्त्रियांस समजेल अशा सोप्या भाषेत ते त्या करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

यावरून आम्हांस तीन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. पहिली, प्रार्थना करून हात जोडून बसू नये; प्रार्थनेने मन स्थिर झाले की समोरचे लहानसे कर्तव्य दिसते, ते करावे. दुसरी, आपल्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख ओळखण्यास शिकावे. ज्याच्या घरी यंदा पीक आले नाही, त्या वर्गमित्राबरोबर आपली भाकर वाटून खाणे हीही उपासनाच होय. तिसरी गोष्ट पालकांसही सांगावीशी वाटते. कोणावर आपत्ती आली असता, ‘हे त्याच्या पापाचे फळ’ असे कदापि म्हणू नये. जन्मांधास पाहून शिष्यांनी असाच तर्क केला, तेव्हा प्रभूने तो नाकारला आणि त्या मनुष्यास दृष्टी दिली.

आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. ही शिकवण त्या सर्वांच्या कामी येण्यासारखी आहे. ‘हे माझ्यावरच का आले?’ या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशीही नाही. ‘आता मी काय करावे?’ असे मात्र रोज सकाळी देवास विचारावे, आणि जे सुचेल ते त्याच दिवशी करण्यास लागावे.