बंगला : साहेबाचा आणि जंगलातला

'बंगला' म्हटलं की डोळ्यांपुढे साहेब येतो. पण शब्द इथलाच. बंगालकडच्या बैठ्या, उतरत्या छपराच्या घरावरून इंग्रजांनी तो उचलला. साहेबाचं स्वतःचं खानदानी घर वेगळं.

व्हिक्टोरिया राणीचं ऑस्बोर्न हाऊस घ्या (१८४५ ते १८५१). ते आहे वाइट बेटावर. नाव वाइट, बेट छान! तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. म्हणून मोठ्या खिडक्या, जाड भिंती, शेकोट्या, वर धुराडी. मिळेल ती ऊब आत कोंडायची.

हाच नमुना समोर ठेवून जेम्स ट्रबशॉ याने पुण्यात गणेशखिंडीला गव्हर्नरचा बंगला बांधला (१८६४ ते १८७१). आज ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मनोरा इटालियन थाटाचा, पण खाली कमानींचे व्हरांडे आलेच. मला वाटतं, ते आपल्या उन्हानेच काढायला लावले.

आमच्या गोंदियाकडे मामला आणखी कडक. नागझिऱ्याला मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. भिंतीवर ऊन जवळपास नाहीच, सगळा मारा छपरावर. शाळेत असताना घरच्यांबरोबर तिथे राहिले होते. आत विजेची लाइन नव्हती. म्हणजे पंख्याचं काम घरानेच करायचं! जंगलखात्याच्या जुन्या विश्रामगृहांचा साचा बघा : उंच जोतं, रुंद व्हरांडा, उतरती कौलं. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खालून व्हरांड्यातली सावलीतली हवा आत येते. शिवाय कौल पातळ, सूर्य मावळला की लवकर निवतं. थर्मोडायनॅमिक्सच्या सबमिशनमध्ये जे लिहून काढतो, तेच इथे डोक्यावर असतं.

आता आपलं हॉस्टेल. सपाट आरसीसी स्लॅब दिवसभर उष्णता पिते आणि रात्री अकराला टॉप फ्लोअरवाल्यांच्या अंगावर सोडते. पंखा तीच हवा फिरवतो. जर्नल लिहिताना घामाने पान चिकटतं, हे खालच्या मजल्यावरच्यांना सांगून पटत नाही.

स्लॅबवर कौलं चढवणं काही आपल्या हातात नाही, पण चुना आहे. पांढऱ्या रंगावरून बरंचसं ऊन परत जातं. वॉर्डन सरांनी परवानगी दिली, तर एप्रिलमध्ये दोन खोल्यांवरच्या गच्चीला चुना मारू, शेजारच्या दोन तशाच ठेवू. चारही खोल्यांत थर्मामीटर टांगून दुपारी तीन आणि रात्री अकराचं रीडिंग घेऊ. लॅबमधून थर्मामीटर आणायचं काम माझं. ब्रश कोण धरतंय?