मांडव की घर? जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धांचं यजमानपद आणि स्टेडियमचा वारसा

आपल्याकडे एक म्हण आहे, "घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून." दोन्ही कामांत खर्चाचा अंदाज हमखास चुकतो, हा तिचा अर्थ. एखादं शहर मोठ्या क्रीडास्पर्धेचं यजमानपद घेतं, तेव्हा ते ही दोन्ही कामं एकाच वेळी अंगावर घेत असतं. स्पर्धा म्हणजे लग्न, दहा दिवसांत उरकणारं. स्टेडियम म्हणजे घर, पुढची पन्नास वर्षं सांभाळायचं. पाहुणे गेल्यावर त्या घरात राहणार कोण, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

१) यजमानपद कसं मिळतं?

मैदानी खेळांची, म्हणजे ॲथलेटिक्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८३ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरात सुरू झाली. आधी ती दर चार वर्षांनी होई, १९९१ नंतर दर दोन वर्षांनी होऊ लागली. तिची सूत्रं जागतिक ॲथलेटिक्स संघटनेकडे असतात.

यजमानपद हवं असलेलं शहर संघटनेकडे प्रस्ताव पाठवतं. स्टेडियम कोणतं, सरावाचं मैदान कुठे, खेळाडूंची राहण्याची सोय काय, वाहतूक कशी, पैसा कोण देणार, सरकारची हमी आहे का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. मग पाहणी होते आणि शेवटी संघटनेची परिषद निर्णय घेते. या प्रस्तावात एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे 'वारसा'. स्पर्धा संपल्यावर शहराच्या हातात काय उरेल, त्याचं हे वचन. वचन देणं सोपं असतं. ते पाळायची वेळ येते तेव्हा सरकार, महापौर, बाजारभाव सगळं बदललेलं असतं.

२) अडचण नेमकी कुठे आहे? थोडं गणित करूया

"ॲथलेटिक्स नसेल तेव्हा तिथे फुटबॉल खेळवा, भाडं मिळेल," असं कुणीही सहज म्हणेल. पण वही-पेन्सिल घ्या आणि आकृती काढा.

प्रमाणित ट्रॅकच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटरच्या असतात आणि दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांची आतली त्रिज्या ३६.५० मीटर असते. अंतर मोजताना आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात, म्हणून त्रिज्या ३६.८० धरायची. आता बेरीज करा:

(२ × ८४.३९) + (२ × ३.१४१६ × ३६.८०) = १६८.७८ + २३१.२२ = ४०० मीटर.

ट्रॅकच्या आतल्या जागेची एकूण लांबी ८४.३९ + ७३ = १५७.३९ मीटर. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब. फरक ५२.३९ मीटरचा, म्हणजे प्रत्येक गोलमागे सुमारे २६ मीटर जागा रिकामी. त्यापुढे आठ लेनचा ट्रॅक (८ × १.२२ = ९.७६ मीटर). म्हणजे गोलमागचा पहिला प्रेक्षक गोलपासून किमान ३६ मीटर लांब! फुटबॉलच्या प्रेक्षकाला गोलजाळी हाकेच्या अंतरावर हवी असते. म्हणून फुटबॉल क्लब म्हणतात, "ट्रॅक काढा." आणि धावपटू म्हणतात, "ट्रॅक काढला तर आमचं काय उरलं?"

दुसरी अडचण गर्दीची. फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानावर हंगामात वीस-पंचवीस सामने होतात आणि दरवेळी प्रेक्षक येतात. ॲथलेटिक्सला साठ हजारांची गर्दी वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी मिळते. बाकीचे दिवस तिथे मुलं सराव करतात, आणि सरावाला हवा असतो ट्रॅक. साठ हजार खुर्च्या सरावाच्या काही उपयोगाच्या नाहीत. मोठं स्टेडियम दहा दिवस लागतं आणि छोटा ट्रॅक रोज लागतो, सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

३) लंडनची गोष्ट

*पहिला अंक: मोडलेलं वचन.* २००० साली लंडनला २००५ च्या जागतिक स्पर्धेचं यजमानपद मिळालं. उत्तर लंडनमधल्या पिकेट्स लॉक इथे नवीन स्टेडियम बांधायचं ठरलं. पण खर्च आणि वाहतुकीचं गणित जुळेना. ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रिटिश सरकारने हात वर केले. "लंडन नको, शेफील्डला घ्या," असं सुचवून पाहिलं, पण संघटनेने ते मानलं नाही. स्पर्धा गेली हेलसिंकीला, १९३८ साली बांधलेल्या आणि १९५२ चं ऑलिंपिक पाहिलेल्या जुन्या स्टेडियममध्ये. ब्रिटनच्या शब्दाला मात्र बट्टा लागला.

*दुसरा अंक: नवं वचन.* ६ जुलै २००५ रोजी सिंगापूरमध्ये लंडनने पॅरिसला ५४ विरुद्ध ५० मतांनी हरवून २०१२ चं ऑलिंपिक मिळवलं. दावेदारीचं नेतृत्व माजी धावपटू सेबॅस्टियन को यांच्याकडे होतं. योजना अशी होती की ८० हजार आसनांचं स्टेडियम बांधायचं, स्पर्धा झाली की वरच्या ५५ हजार खुर्च्या काढून टाकायच्या, आणि २५ हजार आसनांचं ॲथलेटिक्सचं कायमचं घर ठेवायचं. म्हणजे खालचा भाग घर आणि वरचा भाग मांडव! बांधकामाला सुमारे ४२.९ कोटी पौंड लागले.

पुढे मात्र प्रश्न उभा राहिला की २५ हजारांचं स्टेडियम स्वतःचा खर्च भागवणार कसं? फुटबॉल क्लबांना बोलावण्यात आलं. टॉटनहॅम क्लब म्हणाला, आम्ही हे बहुतेक पाडून फक्त फुटबॉलचं स्टेडियम बांधतो आणि ॲथलेटिक्ससाठी क्रिस्टल पॅलेसचं जुनं मैदान सुधारून देतो. वेस्ट हॅम क्लब म्हणाला, आम्ही ट्रॅक ठेवतो. फेब्रुवारी २०११ मध्ये वेस्ट हॅमला पसंती मिळाली. पण कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो व्यवहार रद्द झाला. मग ठरलं की स्टेडियम सरकारी मालकीचंच राहील, क्लब फक्त भाडेकरू असेल.

तारखा नीट लक्षात घ्या. लगेच पुढच्या महिन्यात, ११ नोव्हेंबर २०११ रोजी, मोनॅकोमध्ये २०१७ च्या जागतिक स्पर्धेसाठी मतदान होतं. समोर होतं कतारचं दोहा, पैशाला कमी नसलेलं. ट्रॅक राहणार की नाही याबद्दल शंका राहिली असती, तर लंडनवर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? ट्रॅक राहील असं सांगता आलं आणि लंडन १६ विरुद्ध १० मतांनी जिंकलं.

*तिसरा अंक: वचनाची किंमत.* २०१३ मध्ये वेस्ट हॅमशी ९९ वर्षांचा करार झाला. भाडं वर्षाला सुमारे २५ लाख पौंड आणि रूपांतरासाठी क्लबकडून दीड कोटी पौंड. उन्हाळ्यातला एक महिना ॲथलेटिक्सला राखून ठेवला. फुटबॉलसाठी खालच्या खुर्च्या ट्रॅकवर पुढे सरकवायच्या, उन्हाळ्यात पुन्हा मागे न्यायच्या, अशी सोय केली. ऐकायला छान वाटतं, नाही का? पण मूळ इमारत त्यासाठी बांधलेलीच नव्हती. नवं छप्पर, नवी आसनं असं करत रूपांतराचा खर्च ३२.३ कोटी पौंडांवर गेला. खुर्च्या हलवण्याचा वार्षिक खर्च सुरुवातीला ३ लाख पौंड धरला होता, तोही अनेक पटींनी वाढला. डिसेंबर २०१७ मध्ये चौकशी अहवाल आला, तेव्हा स्टेडियम वर्षाला सुमारे २ कोटी पौंड तोट्यात चाललं होतं. महापौर सादिक खान यांनी कारभार हातात घेतला. तोटा भरायचा कुणी? अर्थातच जनतेच्या पैशातून.

मग वचन पाळणं चूक होतं का? दुसरी बाजूही पाहा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर उसेन बोल्ट शेवटचा धावला आणि मो फराहने १०,००० मीटरचं सुवर्ण घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकलं. तिकिटं ७ लाखांच्या वर खपली. त्याआधी जुलैत तिथेच पॅरा ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा झाली आणि भारताच्या सुंदरसिंह गुर्जरने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं. दोहाला २०१९ ची स्पर्धा मिळाली, तेव्हा स्टेडियम वातानुकूलित होतं, पण अनेक सत्रांत खुर्च्या रिकाम्या होत्या. (त्याच स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून राष्ट्रीय विक्रम केला होता.) म्हणजे दोहाकडे पैसा होता, पण प्रेक्षक कमी पडले. लंडनकडे प्रेक्षक होते, पण हिशेब कच्चा राहिला.

माझ्या मते ट्रॅक ठेवण्याचा निर्णय बरोबर होता, पण तो फार उशिरा झाला. भाडेकरू कोण हे बांधकामाआधी ठरलं असतं, तर सरकत्या खुर्च्या पहिल्याच नकाशात आल्या असत्या. लंडनने घर आधी बांधलं आणि राहणारा नंतर शोधला. आणखी एक गंमत पाहा. २०२९ च्या स्पर्धेसाठी लंडनने पुन्हा उत्सुकता दाखवली. पण २०२५ ची टोकियोतली जागतिक स्पर्धा सप्टेंबरमध्ये झाली, आणि सप्टेंबर म्हणजे फुटबॉलचा हंगाम. असं वेळापत्रक आलं, तर घरमालकाला आधी भाडेकरूची समजूत काढावी लागेल!

४) इतर शहरांनी काय केलं?

- मँचेस्टर: २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधीच ठरलं होतं की स्टेडियम पुढे मँचेस्टर सिटी क्लबला द्यायचं. स्पर्धा झाल्यावर ट्रॅक काढला, जमीन खोल खणली, खाली नवीन आसनं बसवली. ३८ हजारांचं स्टेडियम ४८ हजारांचं झालं. धावपटूंसाठी शेजारी छोटं स्टेडियम राहिलं. कुणाला खोटी आशा दाखवली नाही.
- शेफील्ड: १९९१ च्या जागतिक विद्यार्थी स्पर्धेसाठी डॉन व्हॅली स्टेडियम बांधलं, सुमारे २५ हजार आसनांचं. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस तिथेच सराव करायची. नगरपालिकेला खर्च झेपेना. २०१३ मध्ये, म्हणजे तिच्या सुवर्णपदकाच्या पुढच्याच वर्षी, ते बंद करून पाडायला घेतलं.
- बुडापेस्ट: २०२३ च्या स्पर्धेसाठी मोठं स्टेडियम बांधताना आराखड्यातच वरचा मजला तात्पुरता ठेवला. नंतर तो काढून १५ हजार आसनं ठेवायची आणि मोकळी जागा लोकांना व्यायामासाठी द्यायची, अशी योजना. लंडनच्या पहिल्या कल्पनेसारखीच ही घर-मांडव पद्धत.

५) आणि आपल्याकडे?

पुण्याचं बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. पुढे तिथे २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा मुळात चेन्नईत व्हायची होती, तीही पुण्यात आली. जे हेलसिंकीने २००५ मध्ये केलं तेच इथे झालं. तयार स्टेडियम हाताशी असलं की दुसऱ्याचं अडलेलं कार्य आपल्या दारात उरकता येतं. वारसा याला म्हणायचं.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं आहे. शिवाय २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छा कळवलेली आहे. त्यामुळे हे प्रश्न आता परक्या देशाचे राहिलेले नाहीत. यापुढे नवीन स्टेडियमची बातमी वाचाल, तेव्हा हे पाच प्रश्न विचारा:

१. स्पर्धा संपल्यानंतरच्या सोमवारी इथे कोण येणार?
२. त्याचं नाव बांधकामाआधी ठरलं आहे का?
३. देखभालीचा खर्च दरवर्षी कोण देणार?
४. किती खुर्च्या कायमच्या आणि किती तात्पुरत्या?
५. शेजारच्या शाळेतल्या मुलीला त्या ट्रॅकवर धावायला मिळेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर बाकीची उत्तरं कितीही चकचकीत असोत, वारसा अपुरा आहे असं समजा.

शब्दार्थ

दावेदारी – एखादी गोष्ट आपल्याला मिळावी म्हणून रीतसर केलेली मागणी
वारसा – मागे उरणारी, पुढच्या पिढीला मिळणारी गोष्ट
बट्टा लागणे – नावलौकिकाला डाग लागणे
हात वर करणे – जबाबदारी नाकारणे

सराव

१. ट्रॅकच्या आतल्या जागेची रुंदी ७३ मीटर आणि फुटबॉल मैदानाची रुंदी ६८ मीटर आहे. लांब बाजूला बसलेला पहिला प्रेक्षक मैदानाच्या कडेपासून किमान किती लांब असेल? (ट्रॅक आठ लेनचा धरा.)
२. मँचेस्टर आणि लंडन यांच्या निर्णयांत मुख्य फरक कोणता? चार ओळींत लिहा.
३. "लंडनने ट्रॅक ठेवला हे योग्यच झालं." या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.
४. उपक्रम: तुमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाला भेट द्या. सकाळी आणि संध्याकाळी किती जण ट्रॅक वापरतात, ते एक आठवडा मोजा आणि तक्ता करा.