गाडीतला कुबट वास आणि मुलीचा खोकला

गेल्या महिन्यात एक व्यापारी गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला दमा आहे, पण पंपाच्या नियमित औषधाने तो वर्षभर आटोक्यात होता. "डॉक्टरसाहेब, शाळेच्या दिवशी खोकते, रविवारी ठणठणीत असते. शाळा चुकवायचे ढोंग तर नाही ना?" असा त्यांचा प्रश्न. मुलगीच हळूच म्हणाली, "गाडीत बसलं की नाक चोंदतं."

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी जुनी गाडी विकत घेतली होती. मी खाली जाऊन गाडीत बसलो आणि एसी लावायला सांगितला. भिजून पडलेल्या गोणपाटाचा येतो तसा वास आला. गृहस्थ म्हणाले, "मला तर काहीच जाणवत नाही. शिवाय सुगंधी डबी ठेवलीच आहे!" त्यांचेही चूक नव्हते. रोजच्या वासाची नाकाला सवय होते. म्हणून गाडीच्या मालकापेक्षा नव्याने बसणाऱ्याला वास आधी कळतो.

वास येतो कोठून?

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, हे आपण रोज पाहतो. एसीतही हेच घडते. डॅशबोर्डच्या आत एक थंडगार जाळी असते. हवा तिच्यावरून जाताना हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते एका नळीतून गाडीखाली ठिबकते. गाडी बंद केली की जाळी ओलीच राहते. त्यावर धूळ बसते, अंधार असतोच. बुरशीला आणखी काय हवे? पुढच्या वेळी पंखा लावताच तो वास आणि बुरशीचे सूक्ष्म कण थेट तोंडावर येतात.

निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. पण ज्यांना दमा किंवा ॲलर्जीची सर्दी आहे त्यांना शिंका, डोळ्यांना खाज, कोरडा खोकला, छातीत घरघर असा त्रास सुरू होऊ शकतो. गाडीत बसल्यावर त्रास वाढतो आणि उतरल्यावर काही वेळाने कमी होतो का, हे आठ दिवस वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या नोंदीचा मोठा उपयोग होतो.

उपाय काय?

१) मुक्कामाला पोहोचण्याआधी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करा, पंखा मात्र चालू ठेवा व बाहेरची हवा आत घ्या. जाळी बरीचशी सुकते. या सवयीला एक पैसाही लागत नाही.

२) बऱ्याच गाड्यांत आत येणारी हवा गाळणारा फिल्टर असतो, बहुधा डाव्या बाजूच्या कप्प्यामागे. तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदला. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी त्याआधीच बदलावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नका.

३) दमट हवेत बराच वेळ एसी चालवूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, किंवा पायाखालची चटई ओली लागत असेल, तर नळी तुंबली असण्याची शक्यता आहे. मेकॅनिककडून ती साफ करून घ्या.

४) झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी पुढच्या काचेच्या तळाशी साचलेला पाला काढावा. हवा तेथूनच आत जाते. ओल्या छत्र्या, रेनकोट गाडीत ठेवू नका. चटया उन्हात वाळवा.

५) एवढे करूनही वास राहिला तर मेकॅनिककडून जाळी धुऊन घ्या. त्या वेळी मुलांना दूर ठेवा आणि नंतर दारे उघडून गाडीला भरपूर हवा लागू द्या. फिनेल किंवा ब्लीचिंगचे पाणी झरोक्यांत घरच्या घरी मारू नका.

सुगंधी डबी हा उपाय नव्हे. ती वास झाकते, बुरशी तशीच राहते. उग्र सुगंधानेही दमेकऱ्याची छाती आवळू शकते.

आणखी एक महत्त्वाचे. धुराचा किंवा पेट्रोलचा वास आत येत असेल तर ते बुरशीचे लक्षण नाही. गाडी लगेच थांबवून तपासून घ्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसी लावून बसू नका. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे तो नाकाला कळत नाही.

गाडी साफ केली म्हणून दम्याचे औषध मात्र मनाने बंद करू नये. धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर तडक रुग्णालय गाठावे. आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याचा दोष गाडीला देऊन गप्प बसू नये. थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

त्या गृहस्थांच्या गाडीतला फिल्टर काळाकुट्ट निघाला, नळीही तुंबलेली होती. फिल्टर बदलला, नळी व जाळी साफ झाली, डबी काढून टाकली. पंपाचे औषध मी चालूच ठेवले. पंधरा दिवसांनी मुलगी आली ती हसतच. ढोंग नव्हतेच. आपल्याला जे जाणवत नव्हते ते तिच्या छातीला कळत होते. मूल एकाच ठिकाणी खोकत असेल, तर त्याला रागावण्याआधी ती जागा पाहावी.