माणसे निर्बुद्ध असतात की विचार करीत नाहीत?

गेल्या सत्रात बी.ए.च्या वर्गात अनुमानाचे प्रकार शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, हे सगळं शिकून उपयोग काय? नव्वद टक्के लोकं खुळीच असतात बगा!" वर्ग हसला. मीही हसलो. अशा वाक्यातील गंमत अशी की, ते उच्चारणारा नेहमी स्वतःला उरलेल्या दहा टक्क्यांत धरून चाललेला असतो. पण मच्छेहून बसने बेळगावला परतताना, पिरनवाडी मागे पडली तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तसे मलाही पूर्वी वाटत असे.

आपल्या भाषेने बुद्धी आणि विवेक असे दोन निराळे शब्द जपले आहेत. विवेक या शब्दाच्या मूळ धातूत वेगळे करणे, निवडणे हा अर्थ आहे. सुपात धान्य घेऊन पाखडावे, तसा. घरात धान्य भरपूर आहे, पण सूप खुंटीवरच टांगलेले आहे, अशी स्थिती असू शकते. तेव्हा माणसाकडे बुद्धी आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ती केव्हा, कुठे वापरली जाते हा दुसरा. आपण या दोहोंची सर्रास गल्लत करतो.

माझे थोरले मामा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तीस वर्षे टर्नर होते. शिक्षण सातवीपर्यंत. मी त्यांना लेथवर काम करताना पाहिले आहे. मायक्रोमीटर हाती घेतला की आधी त्याची दोन्ही तोंडे मिटवून शून्य शून्यावर येते का ते पाहायचे, मगच जॉब मोजायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही चालायचा नाही. कास्टिंग आले की हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकायचे. आत तडा असला तर तो आवाज बद्द येतो. ड्रॉइंगवर सही साहेबांची असली तरी माप चुकलेले वाटले तर मशीन बंद करून विचारायला जायचे. चिकित्सक विचार म्हणून पाठ्यपुस्तकात जे जे लिहिलेले असते ते सगळे मामांच्या हाताला सवयीचे होते.

याच मामांनी निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंडाचा मोठा हिस्सा एका योजनेत घातला. तीन वर्षांत दामदुप्पट! तीन वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे २६ टक्के व्याज. असा कोणता धंदा आहे जो एवढे व्याज देऊन वर स्वतःही कमावतो, हे त्यांनी विचारले नाही. पैसे बुडाले. मामीच्या गुडघ्याचे ऑपरेशन त्यामुळे चार वर्षे लांबले. मी एकदा धीर करून विचारले, "मामा, कारखान्यात तुम्ही शून्य बघितल्याशिवाय मोजत नव्हता, मग इथं कसं काय?" मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, योजना घेऊन आलेला आपल्याच गल्लीतला. चहा पिऊन गेला. त्याला हिशेब दाखव कसं म्हणायचं? आणि सगळ्यांनी घातले होते की."

या उत्तरात मला माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्याचे खंडन सापडते. कारखान्यात मामांच्या हाती माप होते. चूक झाली तर जॉब त्याच दिवशी लाल खूण होऊन परत येत असे. आणि मुख्य म्हणजे कास्टिंग नाकारले तर कास्टिंगला राग येत नाही. गल्लीत यातले काहीच नव्हते. डोके मात्र तेच होते.

आता वाचकहो, पुढे जाण्यापूर्वी एक कोडे सोडवा. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतात ते असे : अ, क, ४, ७. नियम सांगितला आहे की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम मोडला आहे का हे तपासण्यासाठी नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील?

पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हे कोडे मांडले. बहुतेक माणसे 'अ आणि ४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७' आहे. ४ च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. उच्चशिक्षितांतही बरोबर उत्तर देणारे दहात एखादाच. माझ्या वर्गात तेच झाले, आणि प्रथम वाचले तेव्हा मीही चुकलो होतो हे कबूल करतो.

मग मी वर्गाला दुसरे कोडे घातले. शक्ती योजनेखाली २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. समजा, तुम्ही चेकर आहात. बसमध्ये चार स्त्रिया आहेत. एकीच्या हातात शून्य रकमेचे तिकीट आहे, दुसरीच्या हातात पैसे भरून काढलेले. तिसरीच्या हातात कर्नाटकातले आधार कार्ड आहे, चौथीच्या हातात महाराष्ट्रातले. कोणाकोणाची तपासणी कराल? सगळा वर्ग एकदम ओरडला : शून्य तिकीटवालीचे कार्ड आणि महाराष्ट्राच्या कार्डवालीचे तिकीट! निपाणीहून येणाऱ्या मुलींना तर विचारही करावा लागला नाही. दोन्ही कोड्यांतील तर्क तंतोतंत एकच आहे. ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी १९८२ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे मद्यपानाच्या वयाचा नियम घेऊन हाच प्रयोग केला. अक्षर-अंकांचे कोडे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला सुटले नाही, वयाचे मात्र जवळजवळ तीनचतुर्थांशांनी सोडविले. पाच मिनिटांत कोणाची बुद्धी वाढत नाही. फसवणूक पकडायची आहे असे मनाने घेतले, की तीच बुद्धी कामाला लागते.

आता स्वतःविषयी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागला. पहाटे दिल्लीकडे सुरू झालेली वार्ता टेलिफोनवरून दिवस मावळायच्या आत परदेशांतील देवळांपर्यंत पोहोचली. मी तेव्हा पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, शास्त्र शाखेत होतो. (पुढे शास्त्र सोडले, तो भाग निराळा.) चमचा घेऊन मी रांगेत उभा राहिलो. चमचा सोंडेला टेकवला, दूध कमी झाले, अंगावर काटा आला. आदल्याच वर्षी पृष्ठताणावरची गणिते मी बिनचूक सोडविली होती. ओल्या दगडावरून दुधाचा पातळ पापुद्रा खाली ओघळतो, एवढे समजण्यास ते ज्ञान पुरेसे होते. दिल्लीतील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच दाखविले. आमच्या देवळात गाभाऱ्याबाहेर एक बाई सकाळपासून फरशी पुसत होती. तिसऱ्यांदा फडके पिळताना ती म्हणाली, "देव पितोय तर हे खाली काय सांडतंय?" कोणी उत्तर दिले नाही. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी फार तर दूध वाया गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच माणसे गेली. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी आलेल्या, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात आपल्या राज्यात, बीदर जिल्ह्यात, मुलांना चॉकलेटे देणाऱ्या एका अभियंत्याचा असाच बळी गेला. त्या जमावात शेती करणारे, दुकान चालविणारे, बाजारात वजनकाटा पारखून घेणारे लोक नव्हते काय? होतेच. बातमी मात्र कोणी पारखली नाही.

जमावात माणसाचे काय होते याविषयी सॉलोमन ॲश याचे १९५१ चे प्रयोग सर्वपरिचित आहेत. दोन रेघांतील लांबीचा ढळढळीत फरक समोर असताना, आधीच्या सर्वांनी मुद्दाम चुकीचे सांगितले की पुढच्याच्याही तोंडून कित्येकदा चुकीचे उत्तर येते. पण त्यांच्यातील एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तर ही शरणागती झपाट्याने कमी होते. म्हणजे पहिल्या माणसाला सगळी किंमत मोजावी लागते, दुसऱ्याला फार थोडी. आगरकरांची प्रेतयात्रा पुण्यात त्यांच्या हयातीतच निघाली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात मारले गेले, डॉ. एम. एम. कलबुर्गी ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात, आपल्यापासून बसने दोन तासांवर. म्हणून प्रश्न न विचारणाऱ्याला मी निर्बुद्ध म्हणत नाही, आणि सरसकट भित्राही म्हणत नाही. हिशेब तोही करतो. फक्त तो हिशेब खरे-खोटेपणाचा नसून आपल्याला काय भोगावे लागेल याचा असतो.

सीमाभागातील आपणा सर्वांची आणखी एक गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांना मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येते, तरी आपण पेपर एकच वाचतो. मागच्या महिन्यात मी वर्गात एकाच सभेच्या दोन बातम्या नेल्या, एक मराठीतील, एक कन्नडमधील. मुलांच्या जोड्या लावल्या, एक मराठी भाषक, एक कन्नड भाषक, आणि पेपर अदलाबदल करून वाचायला दिले. एका पेपरात गर्दी दहा हजारांची होती, दुसऱ्यात पाचशेची. थोडी वादावादी झाली, अपेक्षेप्रमाणे भाषेवरूनच. मग तोच मागच्या बाकावरचा विद्यार्थी उठला. "सर, चौकात माणसं मावतात किती ते मोजूया की."

अमेरिकेत हर्बर्ट जेकब्ज या पत्रकाराने असेच केले होते हे मी त्यांना सांगितले : विरळ गर्दीत एका माणसाला दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. रविवारी सकाळी आठ जण चौकात गेले. टेप मामांनी दिला, आणि देताना त्याचे पहिले टोक झिजले आहे, एका इंचापासून मोजा, असे बजावले. चौक सहा हजार चौरस फूट भरला. दाट गर्दी धरली तरी तेराशे-चौदाशेच्या वर माणूस उभा राहू शकत नाही, आणि विरळ धरली तर सहाशे. सोमवारी फळ्यावर हे आकडे लिहून झाल्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली की, बाजूच्या दोन बोळांत उभे असलेले लोक यात धरलेले नाहीत. बोळ मोजायचे अजून राहिले आहेत.