काँक्रीट : त्याचें बळ, आयुष्य व ऱ्हास

गोंदिया जिल्ह्यांतील बिरसी हें गांव विमानतळामुळें सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. दुसरें महायुद्ध चालू असतां ब्रिटिश सरकारनें १९४० सालीं तेथें धांवपट्टी बांधविली, आणि मार्च २०२२ मध्यें तेथून प्रवासी विमानें जाऊं येऊं लागलीं. धांवपट्टी कोणत्याहि द्रव्याची असो, विमानाचा भार, पावसाळ्यांतील मुसळधार व उन्हाळ्यांतील ताप या तिन्हींस तिला तोंड द्यावें लागतें. आमच्या घरांची गोष्टहि निराळी नाहीं. मातीच्या भिंतींच्या व कौलारू छपरांच्या जागीं आतां खेड्याखेड्यांतून काँक्रीटच्या छताचीं घरें उठत आहेत. धान विकून व कर्ज काढून जें कुटुंब जन्मांत एकदांच घर बांधतें, त्यास तें दुसऱ्यांदा बांधणें परवडत नाहीं. म्हणून या द्रव्याचें बळ कशांत आहे व त्याचा नाश कशानें होतो, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सिमेंट, रेती, गिट्टी व पाणी यांच्या मिश्रणास काँक्रीट म्हणतात. इंग्लंडांतील जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं ‘पोर्टलंड सिमेंट’ या नांवानें आपल्या कृतीचा एकाधिकार मिळविला. आजच्या सिमेंटास तेंच नांव चालत आलें आहे. सिमेंट ‘वाळून’ कठीण होतें असा पुष्कळांचा समज आहे; पण तो खरा नव्हे. सिमेंटामधील चुना व वालुकाम्ल यांचीं संयुगें पाण्याशीं संयोग पावतात, उष्णता बाहेर पडते, आणि जो चिकट पदार्थ निर्माण होतो तो रेती व गिट्टी यांना जखडून टाकतो. पाणी नाहींसें झालें कीं ही क्रिया थांबते. म्हणूनच ओतलेल्या काँक्रीटास भर उन्हांत कोरडें पडूं देणें म्हणजे त्याची वाढ खुंटविणें होय.

या द्रव्याचें सामर्थ्य मोजण्यासाठीं १५ सेंटिमीटर बाजूचा घन ओतून तो २८ दिवस पाण्यांत ठेवितात व नंतर यंत्रांत दाबून फोडितात. साध्या घरासाठीं वापरण्यांत येणाऱ्या ‘एम २०’ प्रतीच्या काँक्रीटाचा असा एक घन सुमारें ४५ टनांचा दाब सोसतो. परंतु तेंच काँक्रीट ताणलें तर दाबाच्या मानानें सुमारें दशांश बळावरच तुटतें. हा दोष लोखंड भरून काढितें. लोखंड ताण उत्तम सोसतें. शिवाय उष्णतेनें दोन्ही पदार्थ जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळें त्यांची संगत सहसा तुटत नाहीं.

मात्र लोखंड योग्य जागीं हवें. दोन भिंतींवर टेकलेलें छत भारानें किंचित् वांकतें, तेव्हां मधल्या भागीं त्याची खालची बाजू ताणली जाते. म्हणून तेथें सळया खालीं घालितात. भिंतीबाहेर डोकावणाऱ्या छज्जाची गोष्ट उलट आहे : तेथें वरची बाजू ताणली जाते. छज्जाच्या मुख्य सळया काम करणाऱ्यांच्या पायांखालीं दबून तळाशीं गेल्या, तर तो छज्जा आधार काढतांच कोसळण्याचें भय असतें.

काँक्रीट किती सोसूं शकतें याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. कोयनेचें सुमारें १०३ मीटर उंचीचें धरण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत हादरलें. त्याच्या उंच भागास, जेथें भिंतीचा उतार एकदम बदलतो तेथें, तडे गेले. पण धरण फुटलें नाहीं. पुढें त्या भागास मागून टेकू देऊन तें बळकट करण्यांत आलें.

भूकंप क्षणांत येऊन जातो. पाणी व हवा यांचा हल्ला मात्र वर्षानुवर्षें मुकाट्यानें चालू असतो. चांगल्या काँक्रीटांत विझल्या चुन्याचा अंश असतो, आणि त्याच्या क्षारधर्मामुळें आंतील लोखंड गंजत नाहीं. हवेंतील कर्बाम्लवायु सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरून त्या चुन्याची खडू करितो. हा थर सळईपर्यंत पोंचला कीं तिचें संरक्षण संपतें. मग ओल व प्राणवायु मिळतांच गंज चढतो. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळें भोंवतालचें काँक्रीट आंतून फुटतें, त्याचे पापुद्रे गळतात व सळया उघड्या पडतात. समुद्राच्या खारट पाण्यांत हेंच काम लवकर होतें. ठाण्याच्या खाडीवर १९७३ सालीं खुला झालेला पहिला पूल आंतील पोलादी तारा गंजल्यामुळें लवकरच दुर्बळ झाला, आणि १९९७ सालीं शेजारीं दुसरा पूल सुरू करावा लागला. याउलट रोम येथील पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट सुमारें १९०० वर्षें उभा आहे. त्यांत गंजावयास लोखंडच नाहीं.

आमच्याकडे समुद्र नाहीं. तथापि निष्काळजीपणा समुद्राहून कमी घातक नाहीं. मिश्रण सहज पसरावें म्हणून त्यांत जास्त पाणी ओतण्याची चाल सर्वत्र दिसते. सिमेंटाशीं संयोग पावून उरलेलें पाणी पुढें उडून जातें व आपल्या जागीं छिद्रें ठेवितें. त्याच छिद्रांतून वायु व ओल आंत येतात. सिमेंटाच्या ५० किलोच्या पोत्यास रेतींतील ओल धरून सुमारें २५ लिटर पाणी पुरे. मिश्रण नीट ठोकून दाबून बसवावें, आणि सळई उघडी राहूं नये म्हणून छतांत तिच्याखालीं निदान २० मिलिमीटर काँक्रीट असावें. पाणी मारणें साध्या सिमेंटास निदान सात दिवस, व उन्हाळ्यांत दहा दिवस चालू ठेवावें.

येथें आमच्या जिल्ह्याच्या दोन टाकाऊ वस्तूंचा उल्लेख केला पाहिजे. तिरोडा येथील औष्णिक विद्युत्केंद्रांत कोळशाची राख निघते, आणि भातगिरण्यांतून कोंडा. दगडी कोळशाची बारीक राख सिमेंटांत १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मिसळितात. बेताच्या उष्णतेंत जाळून बारीक दळलेल्या कोंड्याच्या राखेंतहि वालुकाम्ल विपुल असतें. ह्या राखा मोकळ्या चुन्याशीं संयोग पावून छिद्रें बुजवितात. मात्र त्यांचें बळ सावकाश येतें, म्हणून अशा काँक्रीटास चौदा दिवस पाणी मारणें श्रेयस्कर.

काँक्रीट पाषाणासारखें दिसलें तरी तें पाषाण नव्हे. त्याचें आयुष्य बहुतांशीं पहिल्या दोन आठवड्यांतच ठरतें. वाचक विद्यार्थ्यांच्या घरीं छत ओतण्याचें काम निघाल्यास त्यांनीं गवंड्यास नम्रपणें चार प्रश्न विचारावे : पाणी मोजून घातलें काय? सळया आपल्या जागीं आहेत काय? मिश्रण नीट ठोकलें काय? आणि उद्यां सकाळीं पाणी कोण मारणार? यांपैकीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘मी’ असें विद्यार्थ्यानेंच दिलें, तर शाळेंत शिकलेलें रसायनशास्त्र घराच्या छताच्या कामीं आलें असें आम्ही समजूं.