सिलिंडरच्या पोटात काय आहे?

मुलांनो, गॅसचा सिलिंडर कोणी हलवत असताना तुम्ही कधी कान देऊन ऐकले आहे का? आतून डबडब असा आवाज येतो. गॅस म्हणजे वायू. मग वायूचा असा आवाज कसा येईल?

उत्तर शोधण्याआधी काही शब्द समजून घेऊ. उर्दूत आपण ज्याला माद्दा म्हणतो, त्याला मराठीत द्रव्य म्हणतात. त्याच्या तीन अवस्था तुम्हांला ठाऊक आहेत : ठोस, माए आणि गॅस. मराठीत त्यांना स्थायू, द्रव आणि वायू म्हणतात. द्रव्य आणि द्रव हे शब्द सारखे दिसतात, म्हणून उत्तरपत्रिकेत बरीच मुले इथे चुकतात. लक्षात ठेवा, दगड हे द्रव्य आहे, पण तो द्रव नाही.

बर्फ, पाणी आणि वाफ हे उदाहरण तुम्ही इतक्या वेळा वाचले आहे की, ते मी पुन्हा सांगत नाही. परंतु अवस्था फक्त उष्णतेनेच बदलते असे नाही. ती दाबानेही बदलते. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. नेहमीच्या दाबाला प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास. म्हणजे आपल्या घरात ते वायूच असायला हवेत. पण पोलादी सिलिंडरात त्यांना दाबून भरले, की त्यांचा द्रव होतो. डबडब वाजतो तो हा द्रव!

रेग्युलेटर उघडला की आतला दाब कमी होतो आणि द्रव विस्तवाशिवायच उकळू लागतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरकडूनच घेतो. म्हणून लग्नाच्या दावतीत मोठ्या शेगडीला जोडलेला सिलिंडर हाताला गार लागतो, बाहेरून घामेजतो.

आता थोडा हिशेब करू. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो, म्हणजे सुमारे 26 लीटर द्रव असतो. एक लीटर द्रवाचा जवळजवळ 250 लीटर वायू होतो. हवेच्या शंभर भागांत या वायूचे सुमारे दोन भाग मिसळले, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत साधारण 28,000 लीटर हवा असते. तेव्हा तेवढ्या खोलीला सव्वादोन लीटर द्रव पुरे! शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तिथे याहून कमीही पुरतो. सिलिंडर आडवा ठेवू नये, कारण मग वायूऐवजी द्रवच बाहेर येऊ शकतो.

या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळतात.

मी लहान असताना रमजानमध्ये सहरीच्या वेळी आमच्या घरात असा वास आला. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तोच अम्मीने अंधारातच माझे मनगट घट्ट धरले. तिने आधी चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि आम्हां सगळ्यांना अंगणात काढले. त्या दिवशी आम्ही खजूर आणि पाणी घेऊनच रोजा धरला. बटण दाबताना बारीक ठिणगी उडते, हे मला पुढे शाळेत कळले. अम्मी शाळेत गेलेली नव्हती.

म्हणून वास आला तर कोणतेही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. पंखा लावून वायू घालवू असे पुष्कळांना वाटते. तेही करू नका. बाहेर पडा आणि बाहेरूनच 1906 या क्रमांकावर फोन करा. नळी तपासायची असेल, तर काडी ओढून नव्हे, साबणाचे पाणी लावून तपासावी. गळती असेल तिथे बुडबुडे येतात.

स्वाध्याय
1. सिलिंडर हलवल्यावर आवाज का येतो?
2. 'दगड हे द्रव्य आहे, पण द्रव नाही.' हे वाक्य उर्दूत लिहा.
3. तुमच्या घरातील रबरी नळी मोठ्या माणसांसमोर साबणाच्या पाण्याने तपासा आणि काय दिसले ते पाच वाक्यांत मराठीत लिहा.