कोरीव कामात छाया कशी उतरवावी?
भांड्यांवर नावे टाकणाऱ्या तरुणांसाठी घरगुती सरावाचे सहा धडे

लग्नसराई आली की बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी या भागात भांड्यांच्या दुकानांपुढे नावे टाकणारे बसलेले दिसतात. आहेराची ताटे, हंडे, डबे यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. या कामावर आपल्या समाजातील काही घरांचीही रोजी चालत आली आहे. पूर्वी हे काम छिन्नी व हातोडीने होत असे, नंतर विजेवर थरथरणारी मशीन आली. आता शहरांतून लेसरने नावे टाकली जातात. लेसर एका मिनिटात सुबक अक्षरे काढतो. नुसते नाव टाकण्याच्या कामात हाताने मशीनशी स्पर्धा करणे अवघड झाले आहे.

मग कारागिराने काय करावे? मशीनची रेघ साधारणपणे एकसारखी जाडीची असते. हाताने कोरलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि शेवटी विरून जाते. पान वळलेले दिसणे, वेल एकमेकीखालून गेल्यासारखी वाटणे, अक्षर पत्र्यातून वर उठल्यासारखे भासणे, हे सर्व अशा रेघांनी साधते. यालाच छाया देणे किंवा शेडिंग म्हणतात. ज्याला हे येते त्याच्याकडे तांब्या-पितळेचे आणि चांदीचे चांगले काम येऊ शकते. हे शिकण्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही; रोज एक तास आणि सबुरी मात्र लागते.

छाया म्हणजे काय?

पुष्कळ मुलांना वाटते की जास्त जोर दिला म्हणजे काळी छाया येते. हा गैरसमज आहे. छाया तीन गोष्टींवर ठरते : रेघा एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, प्रत्येक रेघ किती जाड आहे आणि किती जागा कोरी सोडली आहे. न कोरलेली जागा हाच उजेड असतो. नवशिका कारागीर सगळी जागा भरून टाकतो आणि मग काम सपाट दिसते.

रेघेची जाडी तिच्या खोलीवर अवलंबून असते. कोरणीच्या (काही कारागीर तिला कलम म्हणतात) टोकाचा कोन ९० अंशांचा असेल, तर रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट होते. म्हणजे पाव मिलिमीटर खोल गेलात तर अर्धा मिलिमीटर रुंद रेघ पडते. म्हणून हात किंचित उचलला की रेघ बारीक होते आणि किंचित दाबला की जाड होते. सगळी कला या ‘किंचित’मध्ये आहे.

याचा पुरावा खिशात आहे. १०० रुपयांची किंवा त्याहून मोठी नोट भिंगाखाली धरा. गांधीजींच्या चेहऱ्यावरील सारा उजेड-अंधार बारीक रेघांनी साधलेला दिसेल. गांधीजींचे चित्र असलेली ही मालिका १९९६ मध्ये सुरू झाली. नाशिकरोडच्या नोट छापखान्यात तर १९२८ पासून नोटा छापल्या जातात. जगातील उत्तम रेघकाम आपल्या शेजारच्या जिल्ह्यात छापले जाते, आणि ते पाहण्यासाठी भिंगापलीकडे काही खर्च नाही. फ्रान्समधील क्लोद मेलाँ या कारागिराने १६४९ मध्ये एकच चक्राकार रेघ आतून बाहेर नेत, तीच कुठे जाड कुठे बारीक करून एक पूर्ण चेहरा उमटवला होता. चित्राचा विषय आपल्याला महत्त्वाचा नाही. एका रेघेत किती शक्ती असते ते यावरून कळते.

साहित्य

सरावाला पितळेचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. भंगारात त्याचे तुकडे मिळतात. तांबे मऊ असले तरी कोरणीला चिकटते, म्हणून ते नंतर घ्यावे. स्टीलवर सुरुवात मुळीच करू नये. ते कठीण असते, घासले की आणखी कठीण होते आणि टोक मोडते.

कोरणीला चांगले पोलाद हवे. लेथवर काम करणाऱ्यांकडे हायस्पीड स्टीलचे जुने तुकडे असतात, त्यापासून चौकोनी कोरणी करता येते. तोंडाचा उतार साधारण ४५ अंशांचा ठेवावा आणि ऑइल स्टोनवर धार लावावी. धार तपासण्यासाठी टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवावे. रुतले तर धार आहे, घसरले तर नाही. निम्म्या चुका बोथट कोरणीमुळे होतात.

पत्रा लाकडी ठोकळ्यावर राळेने किंवा लाखेने पक्का बसवावा. कोरणीची मूठ तळहातात आणि तर्जनी टोकाजवळ असावी, अंगठा पत्र्यावर टेकवून हाताला आधार द्यावा. डावा हात कधीही कोरणीच्या वाटेत ठेवू नये. डोळ्यांवर चष्मा असावा.

सहा धडे

पहिला : एक इंच चौकोनात सरळ रेघा. प्रथम एक मिलिमीटर अंतराने, मग अर्ध्या मिलिमीटरने. खोली व अंतर एकसारखे येईपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरा : निमुळत्या रेघा. उथळ शिरावे, हळूहळू भरावे आणि शेवटी मूठ खाली करून टोक वर काढून घ्यावे. शेवट तुटल्यासारखा न दिसता विरला पाहिजे. छायेचे निम्मे काम या धड्यात आहे.

तिसरा : पाच चौकोनांची पट्टी. पहिला कोरा, पाचवा सर्वांत गडद. मधल्या तिघांत अंतर कमी करत जावे. चौथ्यापासून रेघांवर तिरप्या रेघा घालून पाहाव्यात. ठिपक्यांनी हीच पट्टी पुन्हा करावी.

चौथा : नळी आणि चेंडू. नळीवर रेघा तिच्या गोलाईप्रमाणे वळवाव्यात. सरळ रेघांनी नळी चपटी दिसते. वळण कोरताना हात न फिरवता ठोकळा फिरवावा.

पाचवा : वळलेले पान. देठाजवळ आणि जिथे पान दुसऱ्याखाली जाते तिथे रेघा दाट व लांब, कडेकडे आखूड. फुगवट्यावर काहीच कोरू नये. सजीवांची चित्रे काढणे ज्यांना पसंत नाही त्यांना वेल, पाने, भौमितिक नक्षी आणि अक्षरे यांत आयुष्यभर पुरेल इतके काम आहे.

सहावा : अक्षरे. नाव कोरून प्रत्येक अक्षराच्या उजव्या व खालच्या बाजूला बारीक समांतर रेघांची सावली द्यावी. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत सराव करावा. बाजारात सर्वांत आधी हाच धडा उपयोगी पडेल.

प्रत्येक धडा झाल्यावर काजळी तेलात कालवून रेघांत भरावी आणि वरचा पत्रा पुसून घ्यावा. ताजी कोरलेली रेघ चकाकते, त्यामुळे उजेड बदलला की तीच रेघ कधी काळी तर कधी पांढरी दिसते आणि कारागीर फसतो. काजळी भरल्यावर खरे काय ते कळते. पत्र्यावर तारीख कोरून तो जपून ठेवावा.

एक चूक, जी मी केली

उमेदीच्या काळात मी लग्नाच्या एका पानदानावर वेल कोरली. रेघा स्वच्छ होत्या, तरी वेल निर्जीव दिसत होती. दोन दिवसांनी कारण सापडले. कोरताना ठोकळा फिरत होता आणि मी प्रत्येक पानाला माझ्या उजव्या हाताकडून सावली देत होतो. पानदान सरळ ठेवले तर एका पानावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर खालून! मजुरी परत केली. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी ठोकळ्याच्या कडेला खडूने बाण काढतो : उजेड इकडून. ठोकळा कितीही फिरला तरी बाण त्याच्याबरोबर फिरतो.

आपला वारसा

या कामाला कमी समजू नये. इसवी सन १२३२ मध्ये मोसूल शहरात शुजा इब्न मना या कारागिराने पितळेची सुरई चांदी व तांबे जडवून घडवली आणि तीवर स्वतःचे नाव कोरले. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्या सीमेलगतच्या बिदरमध्ये जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून चांदी बसवतात. कोरण्याआधी भांडे मोरचुदाच्या पाण्याने काळे करतात, म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर लावून कायमचा काळा रंग आणतात.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. माप सांभाळणे हा कारागिराचा धर्मच आहे.

धंद्याच्या चार गोष्टी

१) सहा महिने सराव झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या मालावर छाया कोरू नये.

२) भांड्याचा पत्रा पातळ असेल तर खोल कोरू नये. आतल्या बाजूला कल्हई असते आणि अन्न लागते, म्हणून नक्षी बाहेरच ठेवावी.

३) चांदी-सोन्याच्या कामात निघणारा कीस गिऱ्हाइकाचा आहे. काम कापडावर करावे, कीस गोळा करून वजनासह परत द्यावा. रोजी हलाल राहते आणि गिऱ्हाईकही पुन्हा येते.

४) मजुरी नगावर न सांगता लागलेल्या तासांवर ठरवावी. त्यासाठी सरावाच्या वेळीच प्रत्येक धड्याला किती वेळ लागला ते वहीत लिहावे.

ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातील धातुकामाच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. बाकीच्यांनी वाट पाहू नये. पितळेचा एक तुकडा, एक कोरणी आणि इशाच्या नमाजनंतरचा एक तास एवढ्यावर पहिला धडा आजच सुरू होतो. सहा महिन्यांनी पहिला पत्रा आणि शेवटचा पत्रा शेजारी ठेवून पाहा. फरक घरच्यांनाही दिसेल, इन्शाअल्लाह.